मोरोक्कोतील चेहरा, नर्मदेकाठची कवटी: जीवाश्म कवट्यांची आजच्या कवट्यांशी तुलना कशी केली जाते

प्रश्न थोडक्यात असा आहे: मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीच्या कवट्या 'आपल्या प्रजातीच्या सर्वांत जुन्या कवट्या' म्हणून सांगितल्या जातात आणि त्यांची डोकी आपल्यासारखी नाहीत असेही त्याच दमात सांगितले जाते, मग कवट्या शेजारी ठेवून अभ्यासक ठरवतात तरी काय, तो नजरेचा अंदाज असतो की त्यामागे मोजमाप असते, आणि डीएनए वाचता येत असताना ही उठाठेव हवीच कशाला? नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेली कवटी नेमकी कोणाची, असा उपप्रश्नही त्याला जोडलेला आहे.

पहिल्या भागातील विसंगती वरवरची आहे. कवटी हा एक अवयव आहे असे आपण धरून चालतो, पण तिच्यातले चेहरा, मेंदूभोवतीचे कवच, कवटीचा तळ आणि खालचा जबडा हे भाग वेगवेगळ्या कामांसाठी, वेगवेगळ्या दाबांखाली आणि वेगवेगळ्या गतीने बदलत आले आहेत. त्यामुळे एखादी कवटी 'आधुनिक' आहे की नाही या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर बहुधा मिळतच नाही. तिचा कोणता भाग आजच्या माणसांच्या पल्ल्यात बसतो आणि कोणता बसत नाही, एवढेच प्रामाणिकपणे सांगता येते. जेबेल इरहूदच्या बाबतीत चेहरा बसतो, कवच बसत नाही.

आजच्या प्रौढ माणसाची कवटी हातात घेऊन भुवईच्या हाडावरून अंगठा नाकाच्या मुळापासून बाहेरच्या बाजूस फिरवला, तर आतल्या बाजूचा उंचवटा डोळ्याच्या खोबणीच्या साधारण मध्यावर विरतो आणि पुढची कडा सपाट व पातळ लागते. निआंडरथल या नामशेष मानवप्रजातीच्या कवटीवर (म्हणजे प्रतिकृतीवरच, कारण मूळ जीवाश्म विद्यार्थ्यांच्या हाती कोणी देत नाही) तोच अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जाड कमानीवरून जातो. आपल्या कवटीत डोळ्याखाली गालाच्या हाडाशेजारी एक खळगी असते आणि सगळा चेहरा कपाळाच्या खाली, आत ओढल्यासारखा बसलेला असतो. निआंडरथलमध्ये ती खळगी भरून आलेली असते आणि चेहऱ्याचा मधला भाग, नाकासह, पुढे आलेला असतो. कवटी मागून पाहिली तर आपल्या कवटीच्या बाजू बऱ्याच उभ्या असतात, जास्तीत जास्त रुंदी वर पार्श्विकास्थींवर (डोक्याच्या दोन्ही बाजूंच्या वरच्या हाडांवर) पडते आणि एकूण बाह्यरेषा उतरत्या छपराच्या घरासारखी दिसते. निआंडरथलची कवटी मागून जवळजवळ गोल दिसते, तर होमो इरेक्टस या त्याहून जुन्या मानवप्रजातीची सर्वांत जास्त रुंदी खाली, कानांच्या पातळीजवळ असते. मानेचे स्नायू जिथे चिकटतात त्या आडव्या कडेच्या लगेच वर निआंडरथलमध्ये लंबगोल, खरबरीत खळगा आढळतो. हनुवटी तर आपलीच खूण. दातांखाली हाडाचा पुढे आलेला उलट्या 'टी' सारखा उंचवटा इतर कोणत्याही मानवी प्रजातीत पूर्णपणे विकसित झालेला दिसत नाही. ती का आली यावर मात्र अजून एकमत नाही, आणि जे स्पष्टीकरण फार सोपे वाटते त्याविषयी मी सावध राहीन.

ही सारी लक्षणे डोळ्यांना दिसतात, आणि नेमकी तिथेच गोची आहे, कारण डोळ्याला जे अपेक्षित असते ते तो आधी पाहतो. १९१२ मध्ये इंग्लंडमधील पिल्टडाउन येथून मोठ्या मेंदूची पण वानरासारख्या जबड्याची 'आदिमानवाची' कवटी जाहीर झाली. माणसाच्या उत्क्रांतीत मेंदू आधी वाढला असावा, अशी त्या काळच्या अनेक विद्वानांची धारणा होती आणि ही कवटी त्या धारणेत चपखल बसली. १९२५ मध्ये रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतील ताउंग येथील बालकाची कवटी प्रसिद्ध केली, तेव्हा परिस्थिती उलटी होती: मेंदू लहान, पण पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू कवटीत जिथे शिरतो ते महारंध्र पुढे, म्हणजे चाल दोन पायांची. ती कवटी बरीच वर्षे बाजूला पडली. पिल्टडाउनचे पितळ १९५३ मध्ये उघडे पडले. कवटी माणसाची होती आणि जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासून बसवलेले. फसवणूक करणाऱ्यापेक्षा ती चार दशके पचवणाऱ्या तज्ज्ञांकडून आपल्याला जास्त शिकण्यासारखे आहे, असे माझे मत आहे.

म्हणून मोजमाप. जुनी पद्धत कॅलिपरची: कवटीवर ठरावीक बिंदू घ्यायचे, उदाहरणार्थ नाकाच्या मुळाशी ललाटास्थी (कपाळाचे हाड) आणि नाकाची हाडे मिळतात तो बिंदू, किंवा डोक्याच्या माथ्यावर ललाटास्थी आणि दोन्ही पार्श्विकास्थी एकत्र येतात तो बिंदू, आणि त्यांच्यातली अंतरे मोजायची. ऐकायला हे सरळ वाटते, पण प्रौढ वयात हाडांचे सांधे भरून येतात आणि माथ्यावरचा बिंदू शोधताना भिंग घेऊन बसावे लागते. जीवाश्मात त्याच जागी माती, जुना गोंद किंवा पूर्वीच्या एखाद्या दुरुस्तीचे प्लास्टर निघते. आता बहुतेक काम सीटी स्कॅनवर होते. कवटीच्या आत-बाहेर असे शेकडो बिंदू संगणकावर टिपतात, सर्व कवट्या एकाच आकारमानाला आणून, एकमेकींवर सरकवून आणि फिरवून शक्य तितक्या जुळवतात, आणि त्यानंतरही जो फरक उरतो तो घडणीचा फरक मानतात. आकारमानाचा विचार वेगळा केला जातो.

ही फारकत का करावी लागते, तर मेंदूच्या पोकळीचे आकारमान स्वतःहून फार थोडे सांगते. आजच्या माणसांची सरासरी साधारण १३५० घन सेंटिमीटर धरली जाते; फ्रान्समधील ला शापेल-ओ-सां येथे १९०८ मध्ये सापडलेल्या निआंडरथलची पोकळी १६०० घन सेंटिमीटरच्या आसपास आहे. फक्त आकडा पाहिला तर तोच आपल्यापेक्षा 'पुढचा' ठरेल.

जीवाश्म अखंड मिळत नाही, हा दुसरा अडसर. डावी बाजू नसेल तर उजव्या बाजूची आरशातली प्रतिमा घेऊन ती भरता येते. पण कोणत्याही माणसाच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात आणि जमिनीत हजारो वर्षे दबलेल्या हाडाला बाकही आलेला असतो. त्यामुळे चांगल्या अभ्यासात एकाच जीवाश्माच्या अनेक पुनर्रचना करतात आणि त्या सगळ्यांत जो निष्कर्ष टिकतो तेवढाच मांडतात. एखाद्या शोधनिबंधात एकच देखणी पुनर्रचना असेल आणि पर्यायांचा उल्लेखही नसेल, तर वाचकाने जरा थांबावे.

आता जेबेल इरहूदकडे येतो. येथील पहिली कवटी १९६१ मध्ये खाणकामात सापडली. तिच्यासोबतच्या थराचे वय तेव्हा सुमारे ४० हजार वर्षे मानले गेले आणि कवटीची लांबट घडण पाहून तिला आफ्रिकेतला निआंडरथल म्हणण्यापर्यंत मजल गेली. २००४ पासून तेथे पुन्हा उत्खनन सुरू झाले, आणि जाँ-जाक उब्लँ व अब्दलवाहिद बेन-नसर यांच्या चमूने २०१७ मध्ये नवे जीवाश्म आणि नवे वय जाहीर केले. आगीत भाजलेल्या गारगोट्यांच्या हत्यारांवरून उष्मादीप्ती पद्धतीने (दगड पुन्हा तापवल्यावर निघणारा प्रकाश मोजून) काढलेले हे वय सुमारे ३ लाख १५ हजार वर्षे आहे, आणि त्यात ३४ हजार वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात. चेहऱ्याचे बिंदू आजच्या माणसांशी ताडून पाहिले तेव्हा हा चेहरा आजच्या पल्ल्यात पडला: लहान, कपाळाखाली ओढलेला, निआंडरथलसारखा पुढे न आलेला. मेंदूच्या पोकळीची घडण मात्र लांबट आणि ठेंगणी निघाली, आजच्या कोणत्याही समाजाच्या पल्ल्याबाहेरची. आकारमान आजच्या माणसाएवढेच होते, घडण नव्हती.

पुढच्या वर्षी सायमन न्यूबाउअर, उब्लँ आणि फिलिप गुन्झ यांनी आपल्या प्रजातीच्या २० जीवाश्म कवट्यांच्या आतल्या पोकळीची घडण काळानुसार मांडून पाहिली. इरहूदसारख्या सर्वांत जुन्या कवट्या लांबट, सुमारे १ लाख वर्षांपूर्वीच्या कवट्या मधल्या, आणि आजच्यासारखी पूर्ण गोलाई १ लाख ते ३५ हजार वर्षांपूर्वीच्या टप्प्यात कधीतरी आलेली, असे चित्र त्यातून निघाले. पार्श्विक भाग फुगणे आणि खाली मागच्या बाजूचा लहान मेंदू फुगणे, ही त्या गोलाईची दोन अंगे आहेत. आजच्या बाळाच्या मेंदूत ही गोलाई जन्मानंतरच्या पहिल्या वर्षातच येते आणि निआंडरथलच्या बाळांमध्ये हा टप्पा दिसत नाही, हेही गुन्झ यांच्याच आधीच्या अभ्यासातून पुढे आले होते. म्हणजे फरक प्रौढ कवटीत दिसत असला तरी त्याचे मूळ वाढीच्या पहिल्या काही महिन्यांत आहे.

यावरून इरहूद, मग इथिओपियातील ओमो, मग तिथल्याच हर्तोची कवटी, मग आपण, अशी सरळ शिडी कोणी उभी करू लागले तर तिचा पहिलाच पाय डळमळतो. ३ लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेत काय काय होते ते पाहा. झांबियातील काब्वे येथे १९२१ मध्ये शिशा-जस्ताच्या खाणीत सापडलेल्या कवटीच्या भुवया सगळ्या मानवी जीवाश्मांतल्या सर्वांत जाड भुवयांपैकी आहेत. तिचे वय ५ लाख वर्षे असावे असे बराच काळ मानले जात होते, २०२० मध्ये ते सुमारे ३ लाख वर्षे निघाले. दक्षिण आफ्रिकेतील रायझिंग स्टार गुहेतला होमो नालेडी, ज्याचा मेंदू आपल्या मेंदूच्या निम्म्याहूनही लहान आहे, त्याची घडण पाहून अनेकांनी त्याला कितीतरी जुना धरले होते. २०१७ मध्ये त्याचे वय ३ लाख ३५ हजार ते २ लाख ३६ हजार वर्षांच्या दरम्यान ठरले. काब्वे, नालेडी आणि इरहूद हे तिघे एकाच खंडात, भूशास्त्राच्या घड्याळाने पाहिले तर एकाच वेळी होते. इरहूदचे वय आधी कमी सांगितले गेले होते, इतर दोघांचे जास्त. घडणीवरून वय सांगायचे आणि मग त्या वयावरून घडणीचा क्रम लावायचा, हा वर्तुळाकार युक्तिवाद या विषयात वारंवार झाला आहे, आणि म्हणून कवटीचे वय कवटीबाहेरूनच, थरातून, राखेतून किंवा दाताच्या किरणोत्सर्गी मापनातून, ठरले पाहिजे असा आग्रह आम्ही धरतो.

ओमोचे उदाहरण तर एकाच जागी ही गुंतागुंत दाखवते. १९६७ मध्ये रिचर्ड लीकी यांच्या चमूला तेथे मिळालेल्या दोन कवट्यांपैकी पहिलीला गोल कवच आणि हनुवटी आहे, तर दुसरीचे मागचे हाड कोन करून वळलेले, जुन्या धाटणीचे आहे. पहिलीचे वय २०२२ च्या अभ्यासानुसार निदान २ लाख ३३ हजार वर्षांच्या आसपास, ज्यात २२ हजारांची चूकभूल धरायची. दोघी समकालीन असतील तर एकाच प्रदेशातल्या माणसांत किती वैविध्य होते ते दिसते. नसतील तर प्रश्न पुन्हा थरांकडे जातो.

वैविध्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सामान्य वाचनात तो सर्वांत आधी गळतो. जॉर्जियातील द्मानिसी येथे सुमारे १७ लाख ७० हजार वर्षांपूर्वीच्या पाच कवट्या एकाच ठिकाणी मिळाल्या. त्यांतली पाचवी, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली, ५४६ घन सेंटिमीटर मेंदूची आणि अवाढव्य चेहऱ्याची आहे; ती आणि तिच्या शेजारची कवटी दोन वेगळ्या देशांत सापडली असती तर त्यांना दोन वेगळी नावे मिळाली असती, यात मला शंका नाही. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियातील काउ स्वाम्पच्या कवट्या आहेत. मागे कललेल्या, सपाट कपाळांमुळे त्यांत होमो इरेक्टसचा वारसा पाहिला गेला होता. पुढे पीटर ब्राउन यांनी दाखवून दिले की त्यांतल्या काहींची कपाळे लहानपणी डोके बांधून किंवा दाबून मुद्दाम तशी घडवलेली होती.

आणि 'आजचा माणूस' म्हणजे तरी कोणाच्या कवट्या? विल्यम हॉवेल्स यांनी जगभरातील २८ समाजांच्या अडीच हजारांहून अधिक कवट्या मोजल्या आणि त्यांचा तक्ता आजही असंख्य अभ्यासांत तुलनेसाठी वापरला जातो. त्यात अंदमान आहे, भारताची मुख्य भूमी नाही. उलट पाश्चात्त्य वैद्यकीय महाविद्यालयांतल्या शिकवण्याच्या कवट्यांपैकी मोठा वाटा कोलकात्याहून निर्यात झालेल्या भारतीय सांगाड्यांचा आहे. १९८५ मध्ये सरकारने ही निर्यात बंद करेपर्यंत तो धंदा चालू होता. ती माणसे कोणत्या गावची, कोणत्या वयाची, हे त्या कवट्यांसोबत आलेले नाही, आणि त्यांची संमती तर कोणी घेतलीच नव्हती. गाव, वय आणि लिंग माहीत नसलेली कवटी विद्यार्थ्याला हाडांची नावे शिकवायला चालते, तुलनेचा मापदंड म्हणून तिचा उपयोग फार तोकडा पडतो. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने उत्खननात मिळवलेली ताम्रपाषाणयुगीन दफने या दृष्टीने मोलाची आहेत, कारण तिथे प्रत्येक सांगाड्याला थर आहे, घर आहे, बरेचदा वयही आहे.

डीएनए असताना कवट्या कशाला, याचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर उष्ण प्रदेशात डीएनए फार काळ टिकत नाही. आपल्या प्रजातीचे आतापर्यंत वाचलेले सर्वांत जुने जनुकसंच सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीचे आहेत आणि ते युरोप व सायबेरियातल्या थंडीतून आले आहेत. इरहूदच्या ३ लाख वर्षांबद्दल बोलायला हाडाखेरीज साक्षीदार नाही. मात्र जिथे दोन्ही मिळतात तिथे डीएनएचा शब्द मी वरचा मानतो. चीनमधील हार्बिनची प्रचंड कवटी २०२१ मध्ये घडणीवरून स्वतंत्र प्रजाती म्हणून मांडली गेली. २०२५ मध्ये तिच्यातील प्रथिने आणि दातावरच्या किटणातले डीएनए डेनिसोव्हाशी, म्हणजे सायबेरियातील गुहेवरून नाव मिळालेल्या नामशेष मानवगटाशी, जुळले. तोवर डेनिसोव्हा म्हणजे बोटाचे हाड, काही दात, जबड्यासारखे थोडे अवशेष आणि जनुकसंच, एवढेच हाती होते; त्याला चेहरा या कवटीने दिला. घडणीने नाते ओळखले नाही, आणि जनुकांना रूप सांगता आले नव्हते.

दोन्ही एकत्र आल्यावर काय साधते याचे मला आवडणारे उदाहरण २०१९ चे आहे. गुन्झ आणि सहकाऱ्यांनी युरोपीय वंशाच्या सुमारे साडेचार हजार जिवंत माणसांचे मेंदूचे एमआरआय आणि जनुके एकत्र तपासली. निआंडरथलकडून आलेले जनुकांचे काही तुकडे ज्यांच्यात होते त्यांच्या कवटीची गोलाई किंचित कमी निघाली. परिणाम इतका बारीक होता की शेजारी बसलेल्या दोघांत तो डोळ्यांना कधीच दिसणार नाही. पण जीवाश्मांवर आखलेली मोजपट्टी जिवंत माणसाला लावता येते हे त्यातून कळले.

राहिली नर्मदेची कवटी. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात होशंगाबादजवळ, नदीच्या उत्तर काठावरील हथनोरा येथे, दगडगोट्यांच्या घट्ट थरात कवटीच्या वरच्या भागाचा उजवा अर्धा आणि त्याला लागून डाव्या पार्श्विकास्थीचा तुकडा मिळाला. चेहरा नाही, जबडा नाही, दात नाहीत. सोनकिया यांनी तिला होमो इरेक्टसची नर्मदा उपप्रजाती म्हटले. १९९१ मध्ये केनेथ केनेडी आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत सोनकिया स्वतः होते, नव्या मोजमापांवरून तिला 'आर्ष होमो सेपियन्स', म्हणजे आपल्याच प्रजातीच्या जुन्या धाटणीच्या, गटात ठेवले आणि मेंदूची पोकळी ११५५ ते १४२१ घन सेंटिमीटर यांच्या दरम्यान असावी असे मांडले. एवढा रुंद पल्ला पाहून काहींना हसू येते. अर्ध्या कवटीवरून, तळाशिवाय काढलेल्या आकड्याला एवढाच पल्ला शोभतो. त्याहून नेमका आकडा कोणी दिला तर त्यावर माझा विश्वास बसणार नाही. पुढे शीला अत्रेय यांनी २००७ मध्ये ती युरोप-आफ्रिकेतील होमो हायडेलबर्गेन्सिस या जुन्या मानवप्रजातीच्या चौकटीत बसते का हे तपासले, आणि ती त्या चौकटीत नीट बसवता येत नाही असे दिसले.

मग ती कोणाची? भुवयांचा जाड उंचवटा जुना, कवचाची उंची आणि पोकळी इरेक्टसच्या मानाने पुढारलेली, आणि वय मध्य प्लाइस्टोसीन, म्हणजे ७ लाख ७४ हजार ते १ लाख २९ हजार वर्षांपूर्वीच्या लांबलचक कालखंडातले. हथनोराच्या थरातील हाडे नदीने वाहून आणून एकत्र केलेली असू शकतात, त्यामुळे शेजारच्या प्राण्यांच्या जीवाश्मांवरून वय बांधणे जिकिरीचे आहे. 'भारतीय आदिमानव' असा मथळा देणाऱ्यांनी तिला आपली थेट पूर्वज ठरवून टाकले आहे. त्याला आधार नाही. आजच्या भारतीयांची बहुतांश वंशपरंपरा आफ्रिकेतून गेल्या लाखभर वर्षांत बाहेर पडलेल्या माणसांकडे जाते आणि नर्मदेच्या कवटीचा लोकसमूह त्यांच्या कितीतरी आधीचा आहे. त्या समूहाचा डेनिसोव्हाशी काही संबंध होता का, हा प्रश्न हार्बिननंतर विचारण्याजोगा झाला आहे, पण हार्बिनचे निदान प्रथिनांनी आणि डीएनएने झाले, आणि नर्मदेच्या उष्ण, वारंवार भिजणाऱ्या थरात डीएनएची आशा धरण्यात अर्थ नाही. दातांच्या कवचात प्रथिने डीएनएपेक्षा जास्त काळ टिकतात, म्हणून त्या खोऱ्यात उद्या एखादी दाढ सापडली तर ती या अर्ध्या कवटीहून अधिक बोलेल. महाराष्ट्रात प्रवरेकाठी नेवाशाला दगडी हातकुऱ्हाडींची हत्यारे विपुल मिळाली आहेत, त्यामुळे ती घडवणारी माणसे आपल्या नद्यांकाठीही होती हे निश्चित. त्यांचे हाड मात्र अजून हाती आलेले नाही. नदीच्या जुन्या थरातून विहीर खणताना किंवा वाळू काढताना हाडासारखा जड, दगड झालेला तुकडा निघाला तर तो धुऊ नये, गोंदाने जोडू नये, जागेवरून हलवण्याआधी थरासह छायाचित्र घ्यावे आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे, कारण थर हरवला की वय हरवते, आणि वय नसलेल्या कवटीशी कशाचीही तुलना करून फार काही हाती लागत नाही.